पूर्ण लाईट गेल्यावर ओपनस्टॅक उभा कसा करता? आणि त्यात नेमकी सुधारणा कुठं व्हायला हवी?

मेल्टिंगशेजारी (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत काही फौंड्र्यांनी मिळून एक सर्व्हर रूम केली आहे, ती मी सांभाळते. तिथं ओपनस्टॅक आहे, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर क्लाउड चालवायचं मुक्त सॉफ्टवेअर. तीन कंट्रोलर (कारभार बघणारे सर्व्हर), सहा कॉम्प्युट (ज्यांच्यावर व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालतात), स्टोरेजला सेफ (Ceph, अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र करणारं), सगळं कोला-अ‍ॅन्सिबल या इन्स्टॉलरनं बसवलेलं. त्यावर ईआरपी, कास्टिंग सिम्युलेशन, पॅटर्न शॉपची ड्रॉइंग, लॅबमधल्या स्पेक्ट्रोमीटरचे रिपोर्ट आणि हजेरी चालते. आधीच्या विक्रेत्यानं एकरकमी लायसन्स बंद करून वर्षाचं भाडं लावलं, ते छोट्या फौंड्रीला झेपणारं नव्हतं, म्हणून ओपनस्टॅककडं वळलो. निर्णय योग्य होता असं मला आजही वाटतं, आणि मला तो बदलायचा नाही. हे आधीच सांगते, नाहीतर पहिलाच प्रतिसाद 'सोडा ते' असा येतो.

माझी तक्रार एकाच ठिकाणी आहे आणि ती मनापासून आहे. हा प्लॅटफॉर्म एखादा कंट्रोलर नोड (सर्व्हर) मेला तर सांभाळून घेतो. पण सगळे नोड एकदम बंद झाले आणि मग सगळे एकदम चालू झाले, तर तो स्वतःहून उभा राहत नाही. २०१० साली नासा आणि रॅकस्पेस यांनी हे सुरू केलं, तेव्हा डोळ्यांसमोर असलेल्या डेटा सेंटरमध्ये अंधार होणं ही कल्पनाच नसावी. आमच्याकडं ती पावसाळ्याची नेहमीची तयारी आहे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका. आमची रूम उंचावर आहे, पाणी येत नाही. पण २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा पुण्याकडून गाडीच येईना. सबस्टेशन बंद, डिझेल मोजून वापरायचं. अशा वेळी सर्व्हर रूम नीट बंद करून ठेवणं हाच शहाणपणा असतो. शिवाय पूर नसला तरी उन्हाळी वळवाच्या वाऱ्यात फीडर पडतो, यूपीएस संपतो आणि जनसेट ऐन वेळी उचलत नाही.

आता अशा अचानक बंदनंतर काय होतं ते सांगते. गॅलेराचे (एकच डेटाबेस तीन सर्व्हरवर सारखा ठेवणारी यंत्रणा) तिन्ही डेटाबेस नोड एकमेकांची वाट बघत बसतात. तिघांच्याही ग्रास्टेट या स्थिती नोंदवणाऱ्या फाइलमध्ये 'सेफ टू बूटस्ट्रॅप' (इथून सुरू करणं सुरक्षित) शून्य आणि सीक्वेन्स नंबर उणे एक. म्हणजे सगळ्यात ताजा डेटा कुणाकडं आहे हे कुणालाच माहीत नाही. रॅबिटएमक्यूमध्ये (सर्व्हिसचे आपसातले निरोप पोचवणारा भाग) जो नोड शेवटी बंद झाला त्याची बाकीचे वाट बघतात, तीस सेकंदांच्या दहा फेऱ्या, आणि मग हार मानतात. जास्त रॅम भरलेल्या सर्व्हरला बायोसमधून बाहेर यायलाच वेळ लागतो, त्यामुळं या पाच मिनिटांत तो पोचेलच असं नाही. सेफच्या मॉनिटरना घड्याळात ०.०५ सेकंदाहून जास्त फरक चालत नाही, लगेच तक्रार करतात. इंटरनेटही गेलेलं असेल तर घड्याळं जुळणार कुठून?

हे सगळं निस्तरल्यावरही व्हीएम बंदच असतात, कारण नोव्हात (व्हीएम चालवणारा भाग) 'रिझ्यूम गेस्ट्स स्टेट ऑन होस्ट बूट' (होस्ट उठला की व्हीएम पुन्हा चालू करणं) हे सेटिंग मुळात बंद असतं. ते चालू केलं तर दुसरं टोक. नोव्हा-कॉम्प्युट उठल्या उठल्या सगळ्या व्हीएम एकदम सुरू करायला जातो. स्टोरेज तयार आहे का, न्यूट्रॉन (नेटवर्कचा भाग) उठला आहे का, हे बघत नाही. जे जमलं नाही त्याला एरर लावून पुढं जातो. ईआरपीचा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर डेटाबेसच्या आधी उठतो आणि लटकतो.

फौंड्रीतल्या माणसाला हे समजावताना मी इंडक्शन फर्नेसचं उदाहरण देते. कॉइलचं पाणी फिरत असल्याशिवाय पॅनेल चालूच होत नाही, तिथं इंटरलॉक असतो. ऑपरेटर कितीही नवा असला तरी त्याच्या हातून क्रम चुकू शकत नाही. ओपनस्टॅकमध्ये मला तोच इंटरलॉक हवा आहे. आज तो क्रम माझ्या डोक्यात आणि एका छापील कागदावर आहे. मी रजेवर असेन तर रात्रपाळीच्या मुलानं काय करायचं? इथं माणूस तयार केला की तो वर्ष-दोन वर्षांत पुण्याला किंवा बंगळूरला जातो. त्याला दोष नाही, पगार तिकडं आहे. म्हणूनच ज्ञान माणसात न राहता सॉफ्टवेअरमध्ये उतरायला हवं.

तर विचारायचं ते असं. तुम्ही पूर्ण बंद-चालू कसं करता? आणि मूळ प्रकल्पाकडं एकच सुधारणा मागायची झाली तर कुठली मागाल?

---

यंत्रमाग

ताई, इचलकरंजीहून लिहितोय. आमच्याकडं सायझिंग आणि लूमच्या प्रॉडक्शनचं सॉफ्टवेअर प्रॉक्समॉक्सवर (व्हीएम चालवायचा दुसरा प्लॅटफॉर्म) आहे. तुम्ही नको म्हटलं तरी सांगणारच, कारण तुम्हाला हवी असलेली गोष्ट तिथं आहे. प्रत्येक व्हीएमला चालू होण्याचा क्रमांक देता येतो आणि पुढची चालू व्हायच्या आधी किती सेकंद थांबायचं तेही. डेटाबेस एक, अ‍ॅप्लिकेशन दोन, बाकी पाठोपाठ. बंद करताना उलटा क्रम आपोआप.

तीन-चार फौंड्र्यांसाठी कीस्टोन (लॉगिन), प्लेसमेंट (जागेचा हिशोब), ग्लान्स (इमेज), सिंडर (डिस्क), न्यूट्रॉन एवढं सगळं चालवायची गरज आहे का? माझा हा प्रश्न टोमणा म्हणून घेऊ नका. सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेत २०१३ पासून ओपनस्टॅक आहे, तिथं तीन लाखांवर कोअर आहेत. त्या मापाचा अंगरखा आपल्याला कशाला?

---

मेल्टिंगशेजारी

टोमणा नाही वाटला. प्रॉक्समॉक्सचा तो क्रम मी बघितलाय आणि मला तो आवडतो. पण दोन गोष्टी. एक, व्हीएम हाय अव्हेलेबिलिटीत (सर्व्हर मेला तर दुसरीकडं आपोआप उठवणं) टाकली की तो क्रम लागू होत नाही, आणि मला ज्या व्हीएमची काळजी आहे त्या नेमक्या तिथंच असणार. दोन, आमच्याकडं वेगवेगळ्या मालकांच्या फौंड्र्या आहेत. धंद्यात ते एकमेकांचे स्पर्धक आहेत. एकाच ग्राहकाच्या कास्टिंगसाठी दोघांनी कोटेशन दिलेलं असतं. त्यांची ड्रॉइंग एका छताखाली ठेवायची तर प्रत्येकाचा प्रोजेक्ट वेगळा, नेटवर्क वेगळं, कोटा वेगळा, आणि त्यांच्या माणसानं स्वतःच लॉगिन करून स्वतःची व्हीएम बनवायची. हे कीस्टोन आणि न्यूट्रॉन फार नीट करतात. त्या भरवशावरच ही मंडळी एकत्र आली. तो भाग मला सोडायचा नाही.

---

कात्रजपलीकडं

मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या पुण्यात टेलिकॉमसाठी ओपनस्टॅक चालवतो. ताईंचं दुखणं खरं आहे, पण त्यातलं बरंचसं आजही आटोक्यात आणता येतं.

गॅलेरासाठी हातानं सीक्वेन्स नंबर शोधत बसू नका. कोला-अ‍ॅन्सिबलमध्ये मारियाडीबी रिकव्हरीची स्वतंत्र कमांड आहे. ती तिन्ही नोडवरचा नंबर काढते, सगळ्यात पुढचा निवडते आणि तिथून क्लस्टर उठवते. रॅबिटला शेवटचा नोड येतच नसेल तर फोर्स बूट (त्याची वाट न बघता चालू करणं) आहे.

बंद करताना सेफला आधी फ्लॅग लावा, म्हणजे तो मध्येच डेटा हलवायला लागणार नाही: नोआउट, नोबॅकफिल, नोरिबॅलन्स, नोरिकव्हर, नोडाउन, आणि सगळ्यात शेवटी पॉज. व्हीएम बंद झाल्यावरच पॉज, आधी नाही. उठवताना उलट्या क्रमानं काढा.

आणखी एक गोष्ट, जी लाईट अचानक गेल्यावरच कळते. व्हीएम चालू होतात, पण आतली डिस्क लिहायला तयार नसते, किंवा बूटच अर्धवट थांबतो. कारण जुन्या, मेलेल्या क्लायंटनं त्या इमेजवर (सेफमधल्या डिस्कवर) एक्सक्लुझिव्ह लॉक धरून ठेवलेलं असतं. नवीन क्लायंटला ते लॉक तोडायचं तर जुन्याला ब्लॉकलिस्टमध्ये टाकायचा अधिकार लागतो. सेफच्या युजरला मॉनिटरवर नुसता 'अलाउ आर' (फक्त वाचायचा अधिकार) दिला असेल तर तो अधिकार नसतो. 'प्रोफाइल आरबीडी' दिला की असतो. जुन्या ब्लॉगमधून कॉपी केलेल्या परवानग्यांमध्ये हे हमखास राहिलेलं असतं. आज दुपारीच तपासा, पुराची वाट बघू नका.

डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा) आणि वेळेचा सर्व्हर क्लाउडच्या आतल्या व्हीएमवर ठेवू नये, हे तुम्हाला माहीत असेल. तरी लिहितो, कारण दुसरं कुणी वाचेल. एखादं साधं, कमी विजेचं मशीन बाहेर ठेवा. त्यावर क्रोनी (वेळ जुळवणारं), डीएनएस, आणि यूपीएसशी बोलणारं नट (NUT) हे सॉफ्टवेअर. त्याची बॅटरी वेगळी. इंटरनेट नसलं तरी सगळे नोड त्याच्याशी वेळ जुळवतील. एकमेकांशी जुळले म्हणजे सेफला पुरे, जगाशी नंतर जुळवता येतं.

एकच सुधारणा म्हणाल तर माझं मत तुमच्याहून वेगळं आहे. मी एरर मेसेज मागेन. 'नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड' (योग्य सर्व्हर सापडला नाही) हे एक वाक्य बघत माझ्या टीमच्या किती रात्री गेल्यात. रॅम कमी पडली, की सीपीयूचा प्रकार जुळला नाही, की अ‍ॅग्रिगेटचा मेटाडेटा चुकला, की प्लेसमेंटमध्ये जुनं अ‍ॅलोकेशन अडकून राहिलं, वापरणाऱ्याला एकच वाक्य. खरं कारण शेड्युलरच्या लॉगमध्ये, आणि त्याचा तपशील डीबग चालू असेल तर. रिक्वेस्ट आयडी घेऊन चार सर्व्हिसचे लॉग चाळायचे हे काम यंत्राचं आहे, माणसाचं नाही.

---

मेल्टिंगशेजारी

प्रोफाइल आरबीडीबद्दल खूप धन्यवाद. हे मराठीत कुठं लिहिलेलं सापडलं नसतं.

एरर मेसेजचं पटतं. आमच्या फौंड्र्यांची माणसं स्वतः व्हीएम बनवतात, त्यांना ते वाक्य दिसलं की फोन मलाच येतो. पण माझ्या मते त्याची किंमत वेळेत मोजली जाते, आणि बंद-चालूची किंमत कामात. ईआरपी नसेल तर चलन निघत नाही. चलन नसेल तर भरलेला ट्रक गेटवर उभा. ग्राहकाची लाइन थांबली तर फौंड्रीला दंड पडतो. म्हणून माझा क्रम तोच राहील.

---

पेठेतला पेंग्विन

ताई, एक वेगळा मुद्दा. सगळं बंद पडणं जाऊ दे, एक कॉम्प्युट नोड मेला तरी नोव्हा त्याच्यावरच्या व्हीएम दुसरीकडं उचलून नेत नाही. इव्हॅक्युएट कमांड माणसानं द्यायची. आपोआप हवं तर मसाकारी वेगळं बसवा, त्याला सहसा पेसमेकर (क्लस्टर सांभाळणारं सॉफ्टवेअर) लागतो, म्हणजे अजून एक क्लस्टर शिकायचा. पैसे देऊन घेतलेल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ही एक टिक होती. ओपनस्टॅकवर आलेल्या कुठल्याही नव्या माणसाला 'हे आपोआप होत नाही' म्हटलं की त्याचा विश्वास बसत नाही.

नेटवर्कचंही बघा. न्यूट्रॉनला ओव्हीएन हा नेटवर्कचा प्रकार घेतला की व्हीएमला १४४२ चा एमटीयू (एका पॅकेटची कमाल बाइट) मिळतो, कारण जिनीव्ह या टनेलच्या हेडरला ५८ बाइट जातात. जुन्या व्हीएक्सलॅनला ५० जायचे, तिथं १४५०. आता फौंड्रीतला एखादा जुना सीएनसी किंवा लॅबचा पीसी १५०० धरून बसलेला असतो, पिंग जातो आणि फाइल जात नाही. खालच्या स्विचवर मोठा एमटीयू लावला की सुटतं, पण हे आधी कुणी सांगत नाही. इन्स्टॉल करतानाच तपासणीत यायला हवं.

---

आठवी गल्ली

राजारामपुरीतून. मी ओपनस्टॅकमध्ये छोटे पॅच पाठवतो, म्हणून मूळ प्रकल्पाच्या बाजूनं थोडं सांगतो.

ताई, तुमची मागणी आहे तशी नोव्हाकडं नेली तर नाकारली जाईल, आणि कारण देऊन नाकारली जाईल. नोव्हाची भूमिका जुनी आणि स्पष्ट आहे. एका व्हीएमचं आयुष्य सांभाळणं आमचं काम, व्हीएमचे आपसातले संबंध सांभाळणं बाहेरच्या कुणाचं तरी. पेंग्विनभाऊ म्हणतात त्या मसाकारीचा जन्मही त्यातूनच झाला. मूळ विचार असा होता की व्हीएम मेली तर तिच्या जागी दुसरी उभी करायची, त्यामुळं कोण आधी कोण नंतर हा प्रश्नच उरत नाही. ईआरपीला तो विचार लागू पडत नाही हे मला मान्य आहे, माझ्या वडिलांच्या वर्कशॉपमध्येही तेच सॉफ्टवेअर चालतं. पण वाद तिथं घातला तर वर्ष वादातच जाईल.

तुमच्या मागणीचे तुकडे करा. त्यातले काही नक्की घेतले जातील.

पहिला, नोव्हा-कॉम्प्युटचा. क्रम मागू नका. एवढंच मागा की होस्ट उठल्यावर व्हीएम सुरू करायच्या आधी स्टोरेज आणि नेटवर्क एजंट जिवंत आहे का ते बघावं, नसेल तर थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करावा, लगेच एरर लावू नये. एका व्हीएमच्या आयुष्यातलीच गोष्ट आहे ही, त्यामुळं त्यांच्या व्याख्येत बसते. व्हीआयएफ प्लगिंगला (व्हीएमचं नेटवर्क जोडलं जायला) ते ३०० सेकंद थांबतातच, मग इथं का नाही, असा प्रश्न विचारता येतो.

दुसरा, कोला-अ‍ॅन्सिबलचा. तिथं स्टॉप कमांड आहे, 'मी खरंच खरंच म्हणतोय' असा लांबलचक फ्लॅग दिल्याशिवाय ती चालत नाही. तिच्या जोडीला 'सगळं थंड असताना चालू कर' अशी एक कमांड असावी: वेळ तपास, सेफचा कोरम (मॉनिटरचं बहुमत) तपास, मारियाडीबी रिकव्हरी, रॅबिट, मग कीस्टोन, आणि प्रत्येक पायरीवर तयार झाल्याची खात्री केल्याशिवाय पुढं न जाणं. तुमचा इंटरलॉक हाच. सुटे भाग बरेचसे आहेत, ते ओवायचे आहेत.

तिसरा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. झूलवर, म्हणजे त्यांच्या टेस्टिंगच्या यंत्रणेवर, एक जॉब. तीन नोडचं क्लस्टर उभं करायचं, त्यात व्हीएम चालवायची, तिन्ही नोडची वीज एकदम तोडल्यासारखं करायचं, पुन्हा चालू करायचं, आणि व्हीएम माणसाचा हात न लागता पिंगला उत्तर देते का बघायचं. एकदा टेस्ट असली की नंतर कुणाच्या बदलानं ते मोडलं तर लगेच दिसतं. टेस्ट नसलेली गोष्ट ओपनस्टॅकमध्ये फार दिवस टिकत नाही, एवढं मी दोन-चार रिलीजमध्ये शिकलोय.

---

कात्रजपलीकडं

तिसऱ्याला माझाही पाठिंबा. आणि वेळ बरी आहे. ईव्हेंटलेट ही जुनी पायथन लायब्ररी काढून टाकायचं मोठं काम चालू आहे, त्यात सगळ्या सर्व्हिस सुरू कशा होतात आणि बंद कशा होतात हा कोड तसाही उघडला जातोय. आत्ता मागितलेलं आत शिरायची शक्यता जास्त.

अपग्रेडबद्दल कुणी बोललं नाही, ते एका ओळीत: २०२३.१ पासून स्लर्प रिलीज आहेत, म्हणजे दर सहा महिन्यांऐवजी वर्षातून एकदा उडी मारता येते. छोट्या टीमनं फक्त त्याच घ्याव्यात, पावसाळा संपल्यावर.

---

यंत्रमाग

प्रॉक्समॉक्सवाला असूनही विचारतो. हे काम कोण करणार? आपण सगळे आपापल्या नोकरीतून वेळ काढणारे. मोठ्या कंपन्यांचे लोक पूर्ण वेळ पॅच लिहितात, त्यांच्या डेटा सेंटरला लाईट जात नाही. त्यांना हे महत्त्वाचं का वाटावं?

---

आठवी गल्ली

वाटेल, पुरावा दिला तर. गेरिटवर (पॅच तपासायची जागा) नुसतं 'हे करा' लिहिलं तर कुणी बघत नाही. लाँचपॅडवर (बग नोंदवायची जागा) नीट बग लिहिला, सोबत लॉग, किती नोड, कुठली रिलीज, कुठल्या क्रमानं काय मेलं, तर बघतात. मोठ्या क्लाउडवाल्यांनी एकत्र येऊन लार्ज स्केलचा गट केला आणि रॅबिटबद्दलची त्यांची दुखणी मांडली, कोरम क्यूकडं (निरोप अनेक नोडवर जपणाऱ्या रांगांकडं) जाण्यात त्या अनुभवाचा उपयोग झाला. लहान आणि विजेचा भरवसा नसलेल्या क्लाउडचा आवाज तिथं फार कमी पोचतो, कारण आपण लिहीत नाही. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, माझं तर साधंच आहे.

ताई, तुम्ही ठरवून एकदा पूर्ण बंद-चालू करणार असाल तर त्या वेळचे लॉग मला द्या. होस्टची नावं आणि आयपी बदलून. बगचा मसुदा मी लिहितो, तुम्ही दुरुस्त करा. नाव तुमचंच राहू दे, कारण क्लाउड तुम्ही चालवता.

---

मेल्टिंगशेजारी

हे उत्तर वाचून फार बरं वाटलं. तुकडे करायचा सल्ला योग्य आहे. मी सगळी मागणी एका वाक्यात कोंबत होते.

एमआयडीसीत फीडरच्या दुरुस्तीसाठी ठरलेला शटडाउन असतो, त्या दिवशी फर्नेसही बंद असतात. तेव्हा दोन प्रकारे करून बघते. एकदा फ्लॅग लावून नीट क्रमानं बंद. आणि टेस्टसाठी ठेवलेल्या जुन्या तीन मशीनवर, जिथं कुणाचा खरा डेटा नाही, थेट प्लग काढून. दुसऱ्याचे लॉग बगसाठी, पहिल्यावरून कोलाच्या कमांडचा क्रम लिहून काढते. आमचा छापील कागदही देते, तो मराठीत आहे, पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला 'तयार झालं' हे कशावरून ओळखायचं ते. तुमच्या कमांडमधल्या तपासण्या त्यावरूनच निघतील.

कागल फाइव्ह स्टारमध्ये किंवा शिरोलीत कुणाकडं उबंटूऐवजी रॉकी लिनक्सवर कोला चालत असेल तर कृपया सांगा. एकाच डिस्ट्रोवर दिसलेलं आहे म्हणून बग बाजूला पडायला नको.

एक शंका राहिली. रॅबिटला फोर्स बूट दिला तर मधले निरोप हरवतात ना? त्यातून व्हीएमचं काही बिघडतं का?

---

कात्रजपलीकडं

हरवू शकतात, जो नोड आलाच नाही त्याच्याकडं जास्तीचे निरोप असतील तर. पण आरपीसीच्या (एका सर्व्हिसनं दुसरीकडं मागितलेल्या कामाच्या) कॉलला मुळात ६० सेकंदांचाच टाइमआउट असतो. लाईट जाऊन तासभर झालेला असेल तर त्या निरोपांची वाट बघणारं कुणी उरलेलंच नसतं. फक्त त्या क्षणी मध्येच अडकलेली कामं बघा: व्हॉल्यूम 'अटॅचिंग' किंवा 'डिलीटिंग'मध्ये राहिलेले, व्हीएमचा टास्क स्टेट रिकामा न झालेला. व्हॉल्यूमची स्थिती हातानं बदलायच्या आधी सेफमध्ये ती इमेज खरंच आहे का आणि तिच्यावर कुणी वॉचर (ती उघडून बसलेला क्लायंट) आहे का ते बघा, मगच बदला.

सीलोमीटरच्या (वापर मोजणारा भाग) नोटिफिकेशनची क्यू मात्र वेगळी. तुम्ही फौंड्र्यांना वापराप्रमाणं बिल लावत असाल तर त्या तासांचा हिशोब नोव्हाच्या डेटाबेसवरून पडताळून घ्या.